टीमबरोबर एकच बाई

माझ्या फोनमध्ये खो-खोच्या मुलींच्या पालकांचा एक ग्रुप आहे. त्यातून बाहेर पडायचं मी दर महिन्याला ठरवते आणि पडत नाही. त्या ग्रुपवर मी काहीही लिहिलं की आधी जोडलेले हात येतात, मग अंगठे येतात. ‘रविवारी सकाळी ग्राउंडवर मीटिंग, सर्व पालकांनी यावे’ असं लिहिलं की अंगठेच अंगठे. आणि रविवारी ग्राउंडवर मी, मुलींचे सर, आणि कुंपणाशी ऊन खात पडलेलं एक कुत्रं. अर्ध्या तासाने कोणीतरी मोटारसायकलवर येतं, गाडी बंदही करत नाही, आणि विचारतं, “काय ठरलं मग मॅडम?”

काय ठरणार? कपाळ!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हा माझा पहिला गुन्हा. नवरा भुसावळला रेल्वेत, जळगावहून रोज अप-डाऊन करतो, हा दुसरा. लिहाय-बोलायचं काम मॅडम करतील आणि तिकिटांचं मॅडमचे मिस्टर बघतील, असं परस्पर ठरून गेलं. मिस्टर लोको शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करतात. स्वतःच्या सासुरवाडीचं तिकीट त्यांना कधी सरळ कन्फर्म मिळालेलं नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल! लोक हसतात आणि म्हणतात, “काही नाही हो, होतं सगळं ओळखीनं.”

टीम चौदा वर्षांखालच्या मुलींची. शाळेची नव्हे, आमच्या कॉलनीमागच्या ग्राउंडवरच्या क्लबची. सर एका शाळेत पीटी शिकवतात आणि संध्याकाळी या मुलींना फुकट शिकवतात. त्या हिवाळ्यात पोरींनी धुळ्याला जाऊन देवपूरच्या टीमला हरवलं. ती टीम काही सोपी नाही. आणि पाठोपाठ ओडिशातल्या एका स्पर्धेचं निमंत्रण आलं. निमंत्रणात लिहिलं होतं की राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू, प्रवास तुमचा तुम्ही. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, एक महिला व्यवस्थापक. क्लब म्हटल्यावर सरकारचा एक पैसा मिळत नाही. म्हणजे पैसे पालकांनी उभे करायचे, आणि पालकांना मी उभं करायचं.

ती एक महिला मीच होते. माझी लेक टीममध्ये आहे, आणि मी तिला बाहेरगावी खेळताना एकदाही पाहिलेलं नाही. देवपूरला ती खेळली तेव्हा माझी मतदार यादीची ड्युटी होती. त्याआधी भडगावला खेळली तेव्हा शाळेत तपासणी. दर वेळी घरी येऊन ती हातवारे करून सांगते, मी पोळ्या लाटत लाटत ‘हो का, अरे वा’ म्हणते. या वेळी मात्र सरांनी क्लबच्या पत्रावर माझं नाव घातलं, त्या पत्रावर शाळेने मला रजा दिली, आणि मी मनातून इतकी खूश होते की कपाटातली बॅग काढून झटकून ठेवली.

पण टीमचं खरं गाडं अडलं होतं एका पोरीपाशी. ती आमची सगळ्यांत चांगली खेळाडू. खांबावरून सूर मारून गडी टिपते तेव्हा बघणारा जागचा उठून उभा राहतो. सर म्हणाले, “ही नसेल तर आपण तिकडे नुसतं दर्शनाला जाऊन येऊ.” तिच्या वडिलांना सगळे केळीवाले भाऊ म्हणतात. भुसावळच्या अलीकडे त्यांची केळी आणि कपाशी आहे. पोरांच्या शाळेसाठी जळगावात घर केलं, पण जीव शेतात. पोरीला पाठवणार का, असं विचारलं की म्हणायचे, “पाहू.” हे ‘पाहू’ फार वाईट असतं. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की माणूस ‘पाहू’ म्हणतो. पोरगी मला एकदा ग्राउंडवर गाठून म्हणाली, “मॅडम, तुम्ही सांगा ना पप्पांना.” एवढंच. मी म्हटलं, मी बघते. तोंडातून गेलं खरं, आणि तिथून माझ्या जिवाला चैन राहिली नाही.

मला वाटलं, भाऊंना नुसतं सांगून उपयोग नाही, कामाला जुंपलं पाहिजे. ज्या कामात माणूस स्वतः राबला, त्यातून तो स्वतःच्याच पोरीला कसा वगळेल? असा माझा हिशेब.

मीटिंग एकदाची झाली. ग्रुपवर लिहिलं नाही, घरोघर जाऊन बोलावलं. वर्गणीचा विषय काढताच माना खाली. एकाचं घराचं काम काढलेलं, एकाच्या भाच्याचं लग्न, एकजण म्हणाला, “नगरसेवकाकडून घ्या ना.” एका मुलीचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते म्हणाले, “घरटी पैसे मागू नका मॅडम, लोकांना जड जातं. काहीतरी कार्यक्रम करा.” मग कार्यक्रम सुचवायला सगळ्यांना कंठ फुटला. ऑर्केस्ट्रा काय, सोडत काय! करणार कोण, असं विचारलं की पुन्हा माना खाली.

तेव्हा मागे उभे असलेले भाऊ म्हणाले, “भरीत करू. माह्या शेतात. वांगे माहे, काड्या माह्या. कुपन विका.”

मला तर आनंदाने त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. थंडीचे दिवस, वांगी ऐन भरात, आणि आमच्याकडे भरिताला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जेवणाऱ्याने कुपन घ्यायचं, भरीत-पुरी खायची, पैसे टीमला. शिवाय भाऊ आपणहून पुढे आले होते. पोरीकडे पाहिलं तर ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

कुपनं छापली. मी शाळेतल्या सहकाऱ्यांच्या गळ्यात मारली, मिस्टरांनी लोको शेडमध्ये खपवली. बाकीच्या पालकांनी गठ्ठे नेले आणि सांगितलं, “गेले म्हणून समजा.” मी समजले.

त्या दिवशी शेतात बघण्यासारखं होतं, ते खोटं कशाला बोलू. बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी पांढुरकी वांगी उलटीपालटी होताहेत, धूर डोळ्यांत जातोय. आमच्याकडे शेतातलं भरीत पुरुष करतात. एरवी घरात पाण्याचा तांब्या स्वतः न उचलणारे बाप बाह्या सरसावून बसलेले. कोणी साल काढतंय, कोणी मोठ्या लाकडी बडगीत वांगं ठेचतंय, कोणी मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. भाऊ फोडणीला. काय हात होता त्या माणसाचा! एका हाताने तेल ओतत होते आणि दुसऱ्या हाताने येणाऱ्याला बोलावत होते. बाया पुऱ्या लाटत होत्या. भाऊंची बायको त्यांच्यातच, डोक्यावर पदर, सारखी खाली मान. तिचा आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता.

मी रस्त्याच्या तोंडाशी टेबल टाकून बसले होते. कुपन असेल तर दाखवा, नसेल तर घ्या. पहिले आले ते भाऊंच्या गावचे. मी पावती पुस्तक उघडणार, तेवढ्यात भाऊ जाळापासून ओरडले, “अहो मॅडम, त्याहिले काय मागता! ते आपले पाव्हने आहेत!” बरं, म्हटलं. मग आबांचे व्याही आले. आबा म्हणाले, “व्याह्याकडून भरिताचे पैसे घेऊ का मी? तोंड दाखवायला जागा राहील का?” मग कोणाचा साडू, कोणाचा शाळेतला मित्र, कोणाचे शेजारी. प्रत्येक माणूस कोणाचा ना कोणाचा पाहुणा निघाला. आपल्या शेतात बोलवायचं, जाळावरचं गरम भरीत वाढायचं आणि मग हात पुढे करायचा, हे कोणाच्याच गळी उतरेना. जन्मात कोणी भरिताचे पैसे घेतलेले नव्हते. ही गोष्ट मीटिंगमध्ये एकाही शहाण्याच्या लक्षात आली नाही, आणि मीही इथलीच, माझ्याही नाही.

खरी कमाल पुढेच. लोको शेडचे लोक कुपनं घेऊन आले, बिचाऱ्यांनी आगाऊ पैसे भरलेले. पोटभर जेवले, ढेकर दिले. तर भाऊंनी त्यांना अडवून त्यांचे पैसे परत त्यांच्या खिशात कोंबले. मी सांभाळायला म्हणून त्यांच्याकडे दिलेल्या कुपनांच्या पैशांतून! “मॅडमच्या मिस्टरचे दोस्त तुम्ही, आमाले लाजवता का?” मी टेबल सोडून धावले. म्हटलं, “भाऊ, अहो हे काय करताय? हे पोरींच्या गाडीभाड्याचे आहेत!” ते हसत म्हणाले, “असू द्या हो. दोन घास खाल्ले लोकांनी, त्याचे काय पैसे घ्यायचे?” सभोवतालचे सगळे माना डोलावत होते. माझा नवरासुद्धा. हातात द्रोण घेऊन, तोंडात पुरी, आणि मान डोलावतोय.

मला रडू आलं. रागाचं रडू. मी बडगीपाशी जाऊन जोरात म्हणाले, “खा! सगळे खा! आणि पोरींना ओडिशाला चालत पाठवा!” मग कोणीतरी माझ्या हातात ताट दिलं. भूक तर लागलीच होती. भरीत असं झालं होतं की रागातसुद्धा मी दोनदा घेतलं.

माझ्या शाळेतल्या चार कुपनांचे सोडले तर पैसे आले नाहीतच, उलट तेल, पीठ, पत्रावळींचा खर्च अंगावर. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. काय लिहिणार? दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. माझ्या लेकीने बॅगकडे बघून विचारलं, “आई, ही परत वर ठेवू का?” मी तिच्यावरच ओरडले.

सर मात्र थंड डोक्याचे. ते आबांकडे गेले आणि म्हणाले, “भरिताचा खर्च वाटून घ्यायचा ना आबा?” आता, भरीत पार्टी झाली की खर्चाची वाटणी करायची, ही आमच्याकडची रीतच. तिथे मागेपुढे कोणी करत नाही. वाटणी न देणारा माणूस पुढे कुठे बोलावला जात नाही. सरांनी त्या वाटणीत तेल-पिठासोबत गाडीभाडंही घालून टाकलं आणि प्रत्येकाला सरळ सांगितलं की घातलंय. आणि काय सांगू, सगळ्यांनी दिले! घराचं काम काढलेल्याने दिले, भाच्याच्या लग्नवाल्याने दिले. कोणी फोनवरून पाठवले, कोणी पाकिटात घालून आणून दिले. खाऊन झालेल्या भरिताचे पैसे देताना कोणाला जड गेलं नाही. पोरींच्या प्रवासाला म्हणून मागत होते तेव्हा मात्र याच लोकांच्या माना खाली. मला हसावं की रडावं कळेना. हेच पहिल्या रविवारी केलं असतं तर माझं रक्त आटलं नसतं.

सगळ्यांत जास्त भाऊंनी दिले. न मागता. मला वाटलं, चला, जिंकलो. मी आणि सर संध्याकाळी त्यांच्या घरी पोरीच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणायला गेलो. तिकिटं काढायची होती.

भाऊंनी पाणी दिलं, चहा सांगितला. मग म्हणाले, “मॅडम, पैसे अजून लागले तं सांगा. पन माही पोरगी नही जायची.”

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. सर म्हणाले, “भाऊ, असं कसं?”

“इतल्या लांब, रातभर रेल्वेत. पोरगी मोठी व्हायला लागली. लोक काय म्हनतीन?” आवाज अजिबात चढलेला नव्हता. वाईट माणूस नव्हे तो, हेच तर अवघड. “बाकीच्या पोरी जाऊ द्या. त्याहिच्यासाठी दिले मी पैसे. आनंदानं दिले.”

मी म्हटलं, “मी आहे ना बरोबर. माझीही पोरगी आहे.”

“तुम्ही आहेत, ते बरोबर आहे. पन माय ते माय. तिची माय सोबत असती तं गोष्ट वेगळी होती.”

हे त्यांनी अशा खात्रीने म्हटलं, की आता बोलणं संपलं. बायको भुसावळच्या पुढे कधी गेलेली नाही, जायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पोरगी दारात उभी होती. तिने रडायला पाहिजे होतं, पण ती रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, गुंडाळून झालं की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची. मला तिच्याकडे बघवेना.

आतून आवाज आला. “मी जाते.”

भाऊंनी मान वळवली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. पदर तसाच डोक्यावर, मान तशीच खाली.

“तू?” भाऊ हसले. “अन् घरचं कोन करीन?”

वहिनींनी ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले. “इतल्या मानसांचं भरीत केलं तुम्ही परवा. घरच्या तीन मानसांचं होनार नही का?”

सर खोकल्याचं नाटक करत हसले. मीही हसले. भाऊ हसले नाहीत. चहा बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला, आणि म्हणाले, “बरं. ही जात असन तं जाऊ द्या.” त्यांनी स्वतःच्या तोंडानं अट घातली होती, आता मागं फिरायला जागा नव्हती. पोरगी आत पळाली, आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी आणि सर बाहेर आलो. सरांनी गाडीला किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. म्हणाले, “मॅडम, महिला एकच.”

मला ते आतच कळलं होतं. चहा पितानाच कळलं होतं. निमंत्रणात एक महिला, मुलींच्या होस्टेलमध्ये एकीचीच सोय, बाहेरच्याला आत प्रवेश नाही. पत्रावरचं नाव बदललं की माझी रजाही गेली. पदरचे पैसे घालून वेगळं जायचं म्हटलं तरी शाळेला काय सांगणार? सरांनी स्पर्धेवाल्यांना फोन लावून पाहिला, त्यांनी गोड बोलून नाही म्हटलं. देवपूरला, भडगावला मला जमत नव्हतं तेव्हा टीमबरोबर जा म्हणून मी एकेका आईला किती विनवलं होतं, तेव्हा एकही तयार झाली नव्हती. आणि आता तयार झाली ती नेमकी हीच बाई.

मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मनात असंही आलं की भाऊंच्या पोरीचं नशीब, मी काय करू, मीच का म्हणून? पण ती ओढणी डोळ्यांसमोरून जाईना. सर म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं. मी दबाव टाकत नाही.” मी म्हटलं, “टाका वहिनींचं नाव. आणि पुढच्या वर्षी मला मीटिंगला बोलावू नका.”

घरी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “ती येतेय ना पण? मग जिंकू आपण.” मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून ठेवला.

निघायचा दिवस रविवार होता. गाडी भुसावळहून. फलाटावर ही गर्दी पालकांची! मीटिंगला एक फिरकत नव्हता, निरोपाला मात्र मावश्या, काका, सगळे. कोणी हार आणलेले. पोरी एकसारख्या जर्सीत, खिडक्यांवरून भांडताहेत. वहिनी नव्या साडीत, पिशवी पोटाशी धरून डब्यात चढल्या. त्यांना मी औषधांचा डबा दिला, कोणत्या पोरीला गाडी लागते ते सांगितलं, माझ्या लेकीला रात्री पांघरूण घाला म्हटलं. त्या प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत होत्या. गाडी हलली तशी माझी लेक खिडकीतून ओरडली, “आई, व्हिडिओ पाठवते!”

माणसं पांगली. भाऊ माझ्याजवळ आले, तोंडावर नवल.

“हे काय मॅडम? तुम्ही काबर नही बसल्या? तुम्ही जानार होत्या ना?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सांगितलंच नव्हतं कोणी. मी थकले होते, नाहीतर काहीतरी गोड बोलले असते.

“एकाच बाईची सोय होती भाऊ. तुम्ही वहिनींशिवाय पोरीला पाठवत नव्हता. मग माझं नाव काढलं.”

ते उभेच राहिले. “म्हंजे तुमची पोरगी तिकडं खेळन, अन् तुम्ही इकडं?”

“हो.”

“मंग मले तवाच सांगायचं ना!” त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

“सांगितलं असतं तर पोरीला माझ्याबरोबर पाठवलं असतं?”

भाऊंनी विचार केला. खरोखर केला. गाडी गेली त्या बाजूला बघत राहिले, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नही. तरी नसती धाडली.”

मी पर्स काखेत मारली आणि जळगावचं तिकीट काढायला खिडकीकडे गेले.